लाइन आमच्याकडून ओके आहे

‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. सेवेला पाच तारे द्या.’ हा मेसेज माझ्या मोबाइलवर आला तेव्हा दुकानातल्या बाकावर, पायरीवर आणि पायरीखाली रस्त्यावरसुद्धा माणसं बसलेली होती, आणि स्क्रीनवर चक्र फिरत होतं. निवारण करायला कोणी आलं नव्हतं. साधा फोनही आला नव्हता. त्याला आता बराच काळ झाला, लाइन दुरुस्त झाली, तरी तो मेसेज आठवला की माझ्या डोक्यात सणक जाते.

बार्शीत तहसीलच्या मागच्या गल्लीत माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्ती, पॅनकार्ड, शेतकऱ्यांच्या योजना, जे येईल ते. जुलै म्हणजे आमची सुगी. शाळा-कॉलेजांचे प्रवेश आणि शेतीच्या अर्जांच्या मुदती एकाच वेळी येतात, आणि खेड्यातून एसटीनं आलेल्या माणसाला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असतं. फायबरची १०० एमबीपीएसची लाइन मी मुद्दाम घेतली होती. त्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कामं करायचे. नवी लाइन पहिले काही महिने झकास चालली.

मग पाऊस सुरू झाला आणि साइट उघडेनाशा झाल्या. बंद पडल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान दुकानाला कुलूप लावून घरी जाता आलं असतं. पान अर्धं यायचं. वरची पट्टी दिसायची, खालचं बटण यायचंच नाही. सात-बारा अपलोड करताना ऐंशी टक्क्यांवर गाडी अडायची. ओटीपी मोबाइलवर येऊन पडायचा, पण तो टाकायची चौकट उघडेपर्यंत त्याची वेळ संपलेली असायची.

कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन केला की समोरचं माणूस फार गोड बोलायचं. मॅडम, राउटर बंद करून चालू करा. केलं. मॅडम, स्पीड टेस्ट करा. केली. टेस्टमध्ये आकडा यायचा सत्तर, कधी ऐंशी. मग तिकडून ते वाक्य यायचं: ‘लाइन आमच्याकडून ओके आहे, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम असेल.’ पुढच्या घटकेला तक्रार बंद. परत फोन करा, परत नवा क्रमांक, परत पहिल्यापासून राउटर बंद, राउटर चालू. आधीच्या तक्रारीचं काय झालं असं विचारलं की सांगायचे, ती तर सोडवली मॅडम, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय. अहो, मी इथं लाइनसमोर बसलेय, मी सांगतेय चालत नाही, तर माझ्यापेक्षा तुमची सिस्टिम खरी? ते पोरगं शांतपणे म्हणायचं, ‘मी आपली अडचण समजू शकतो.’ समजू शकतोस तर माणूस पाठव ना! माणूस पाठवायचा तर तक्रार उघडी लागते, आणि उघडी तक्रार ठरलेल्या तासांत बंद झाली नाही तर वरचा साहेब विचारतो. म्हणून ती आधी बंद करायची. हे मला नंतर कळलं. ग्राहकाची लाइन चालू होण्याशी त्या बंद करण्याचा काही संबंध नसतो, हे मात्र मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

त्यातलं सगळ्यात जिव्हारी लागलेलं सांगते. एका योजनेचा शेवटचा दिवस होता. वैरागकडचे एक आजोबा सकाळपासून बसलेले. पासबुक, आधार, उतारा, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेलं. दुपारी ते उठले, समोरच्या दुकानात डोकावून आले आणि मला म्हणाले, ‘ताई, तिकडं हुतंय की. तुमच्याकडंच का हुईना? काय जास्तीचं पायजे आसंल तर तसं बोला.’ ते रागानं बोलले नाहीत. सरळ विचारलं. पैसे काढण्यासाठी मी साइट बंद आहे असं सांगतेय असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटायला आजवर त्यांना कुठंकुठं काय अनुभव आला असेल, ते मी समजू शकते. समोरच्याची लाइन दुसऱ्या कंपनीची होती. मी आजोबांना स्वतः तिकडे घेऊन गेले, त्यांचा अर्ज भरून होईपर्यंत थांबले. पण माझ्या दुकानातून माणसं उठून जाताना जे बघत गेली, ते बघणं कुठल्या तक्रार केंद्राला दाखवणार?

त्या रात्री पुण्याला भाच्याला फोन लावला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, ‘मावशी, स्पीड टेस्ट सोड. पिंग लाव.’ विंडोजमध्ये सीएमडी उघडायचं आणि पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता, बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. कॉम्प्युटर राउटरला छोटी पाकिटं पाठवतो आणि किती परत आली, किती मिलिसेकंदांत आली ते दाखवतो. माझी सगळी पाकिटं एका मिलिसेकंदाच्या आत परत. म्हणजे माझा कॉम्प्युटर, माझी वायर, माझा राउटर ठीक. मग तेच बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला लावलं, शेवटी ‘-टी’ जोडून, म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतं. मधूनमधून ओळ यायची, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. परत चार ठीक, परत एक गहाळ. बाहेर वाऱ्याची झुळूक आली की गहाळ ओळींची रांगच लागायची.

मग स्पीड टेस्ट चांगली कशी दाखवते, हा प्रश्न मी त्याला विचारलाच. उत्तर ऐकण्यासारखं आहे. टेस्टचा सर्व्हर बहुतेक वेळा कंपनीच्याच जाळ्यात किंवा जवळच्या शहरात असतो, आणि टेस्ट एकाच वेळी अनेक वाटांनी माहिती ओढते. पाकीट हरवलं तरी जवळून लगेच दुसरं येतं, एक वाट मंदावली तरी बाकीच्या चालू असतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. खरी साइट उघडताना तसं नसतं. आधी नावाचा पत्ता शोधायचा, मग सर्व्हरशी जोडणी, मग कुलूप-किल्लीची देवाणघेवाण, मग पान, मग पानातली चित्रं, फाँट, स्क्रिप्ट, डझनावारी मागण्या. यातल्या सुरुवातीच्याच एका पायरीचं पाकीट हरवलं की सगळं खोळंबतं. शिवाय पाकिटं हरवली की जोडणीचा नियम असा समज करून घेतो की वाटेत गर्दी झाली आहे, आणि आपला वेग आपणच उतरवतो. जितका सर्व्हर लांब, तितकं सावरायला उशीर. म्हणजे ८० एमबीपीएस दाखवणारी लाइनसुद्धा कामाला कुचकामी असू शकते. हे तक्रार केंद्रातल्या माणसांना माहीत नाही असं मला वाटत नाही.

भाच्यानं आणखी एक जागा दाखवली. राउटरच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद लिहिलेली असते, डीबीएममध्ये, वजा चिन्हासकट. आमच्यासारख्या घरगुती फायबरला ती साधारण वजा २७ पेक्षा खाली गेली की यंत्राला उजेड नीट वाचता येत नाही. माझी होती वजा २९ आणि ३० च्या मध्ये. तीन डीबी घटले म्हणजे उजेड निम्मा झाला, असा हिशोब आहे. दोनतीनचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण प्रत्यक्षात मला हवा त्याच्या जेमतेम निम्मा उजेड मिळत होता.

या आकड्यांचे फोटो काढले, पिंगच्या स्क्रीनचे फोटो काढले, आणि या खेपेला तक्रार तोंडी न करता ईमेलनं केली. लाइनवरचा मुलगा आला. विशी-बाविशीचा, अंगावर ओला रेनकोट. मी त्याच्यावर तोंड सोडायच्या तयारीत होते. त्यानं फोटो बघितला आणि म्हणाला, ‘ताई, एवढं कोन सांगतंय आमाला? नुसतं ‘नेट स्लो’ म्हणून येतंय.’ खांबावर चढला. वरच्या डब्यातून एक धागा बत्तीस घरांना वाटलेला असतो, त्यातला माझा फाटा डब्याच्या झाकणात दुमडून चेपला होता. वरून दुसऱ्या कोणाची तरी केबल तारेनं आवळून बांधलेली. काचेच्या धाग्याला तीव्र वळण पडलं की उजेड त्या वळणातून बाहेर निसटतो, आणि वाऱ्यानं डबा हलला की ते वळण कमीजास्त होतं. त्यानं टोक कापून नवीन जोडलं, मोठं वेटोळं करून ठेवलं. आकडा आला वजा २१. सगळं काम चहा व्हायच्या आत झालं.

त्या मुलाला दर बंद केलेल्या तक्रारीमागे पैसे मिळतात, महिन्याचा पगार नाही. पावसात लोखंडी शिडी घेऊन फिरतो. त्याच्यावर राग धरणं मला जमलं नाही. आणि तरीही, आधीच्या तक्रारी न येताच बंद करणारा त्याच्याचसारखा कोणीतरी होता, हेही मला विसरता येत नाही.

लाइन सुधारली, म्हणून शेतकऱ्यांची कामं धडाधड व्हायला हवी होती. झाली नाहीत. बाकीच्या साइट टकाटक उघडू लागल्या, पण ज्या सरकारी साइटसाठी एवढा जीव काढला ती सकाळी अकरा वाजता पूर्वीसारखीच कण्हायची. भाच्यानं ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा तक्ता उघडायला शिकवलं. प्रत्येक मागणीला कुठे किती वेळ गेला ते त्यात पट्ट्यांनी दिसतं. माहिती उतरवायला सेकंदाचा लहानसा भाग लागत होता, आणि सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात वीस-वीस सेकंद. तिथं मी १०० ची लाइन ३०० ची केली असती तरी काडीचा फरक पडला नसता. शेवटच्या आठवड्यात किती लोक येणार हे अर्ज सुरू करणाऱ्यांना आधीपासून माहीत असतं. तरी सर्व्हर वाढवत नाहीत, आणि शेवटच्या संध्याकाळी मुदतवाढ जाहीर करतात, जेव्हा खेड्यातला माणूस दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवून परत गेलेला असतो. मुखपृष्ठावर आळीपाळीनं सरकणारे मोठमोठे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे चढवलेले, एकेक काही एमबीचा. आणि शेतकऱ्याच्या मुलीचा फोटो मात्र ५० केबीतच हवा, नाहीतर अर्ज नाकारला जातो. मला हे साधं अन्यायाचं वाटतं. फोटो लहान करायची शिस्त ज्यांना परवडते त्यांनी आधी पाळावी.

या काळात मी जे शिकले ते दुकानात येणाऱ्यांना सांगते, इथंही सांगते. आधी दोष कुठे आहे ते शोधा, खर्च नंतर. राउटरपर्यंतच पाकिटं गहाळ होत असतील तर घरातलं बघा. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंती ओलांडते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरची आणि मायक्रोवेव्हची तिथं गर्दी असते, म्हणून त्याच खोलीत बसत असाल तर ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. २.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा निवडा. कामाच्या कॉम्प्युटरला सरळ वायर लावा, तिच्यासारखा उपाय नाही. घरातला एखादा मोबाइल फोटोंचा बॅकअप वर चढवत असेल तर सगळ्यांचं नेट मंदावतं, तो रात्रीवर ढकला. जुन्या कॉम्प्युटरवर वीस टॅब उघडून नेटला शिव्या देण्यात अर्थ नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, साडेबारा एमबी, कारण आठ बिट्सचा एक बाइट. डीएनएस बदलला तर फक्त पत्ता शोधायची पहिली पायरी चटकन होते, पुढचं काही नाही. आणि नेटचा वेग दुप्पट करून देतो म्हणणारी अ‍ॅप्स मोबाइलमधून काढून टाका. ती वेग देत नाहीत, जाहिराती दाखवतात.

सरकारी अर्जांची कामं मी आता पहाटे पाचला करते. आदल्या दिवशी कागद घेऊन ठेवते, सगळं योग्य मापात करून ठेवते. ओटीपीसाठी माणूस फोनवर हजर लागतो, पण शेतकरी पहाटे उठलेलाच असतो. तेव्हा तीच साइट पटापट चालते. यावर लोक माझं कौतुक करतात. मला ते कौतुक नको आहे. सरकारी काम सरकारी वेळेत झालं पाहिजे.

आपल्या देशात २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळालं तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलं आहे, आधी तो आकडा ५१२ केबीपीएस होता. पण पाकिटं किती हरवतात, हे लाइन घेताना कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. विचारायला लागा. तक्रार केलीत की तिचा क्रमांक मागा, तो देणं कंपनीला बंधनकारक आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार न सुटल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पिंगचे आणि उजेडाच्या आकड्याचे फोटो सोबत जोडा. आणि साइट चालत नाही म्हणून समोरच्या खुर्चीतली बाई किंवा मुलगा हात जोडत असेल, तर त्यांना पैसे हवेत असं धरून चालू नका.