हंगाम लांब पल्ल्याचा असतो

टेक्सासमध्ये ऑगस्ट सरत आला की शुक्रवारची संध्याकाळ घराची राहत नाही. ती गावच्या हायस्कूलच्या फुटबॉल संघाची होते. हा फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतून रंगणारा खेळ नव्हे. येथे चेंडू लंबगोल असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. खेळाडूंच्या अंगावर कवच, डोक्यावर शिरस्त्राण आणि मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. डॅलसच्या उपनगरात मुलाकडे राहायला येऊन आम्हा उभयतांना चार वर्षे झाली. नातू अकरावीत असून यंदा शाळेच्या मुख्य संघात बचाव फळीत खेळतो. त्यामुळे सामन्यांचे वेळापत्रक स्वयंपाकघरात फ्रिजवर लागले. यजमानांच्या पार्किन्सन्सच्या औषधांचे वेळापत्रक तेथे आधीपासून होतेच. ही दोन वेळापत्रके रोज शेजारीशेजारी वाचताना जे उमगत गेले, ते घरातल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

राज्यातील शालेय स्पर्धांचा कारभार १९१० साली स्थापन झालेली युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग ही संस्था पाहते. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे वर्ग पाडलेले असतात. सर्वांत मोठ्या शाळांचा वर्ग ‘सहा-ए’. या वर्गात राज्यभर ३२ गट आहेत. आमच्या गटात आठ शाळा. प्रत्येक संघ साखळीचे दहा सामने खेळतो. त्यांपैकी पहिले तीन गटाबाहेरच्या शाळांशी आणि उरलेले सात गटातल्या शाळांशी. गणपतीच्या सुमारास सुरू झालेली साखळी दिवाळीच्या मागेपुढे संपते. गटातील पहिले चार संघ बाद फेरीत जातात. त्या चारांतील अधिक विद्यार्थिसंख्येच्या दोन शाळा एका विभागात व उरलेल्या दोन दुसऱ्या विभागात खेळतात. असे प्रत्येक विभागात ६४ संघ. तेथून पुढे मात्र जो हरला तो घरी गेला. सलग सहा फेऱ्या जिंकणारा संघ डिसेंबरात अंतिम विजेता ठरतो. तोवर त्या मुलांचे सोळा सामने झालेले असतात.

आमच्या संघाची स्थिती आज अशी आहे. गटाबाहेरच्या तीन सामन्यांपैकी दोन गमावले, एक जिंकला. गटात चार सामने झाले. दोन जिंकले, दोन हरले. चौथ्या स्थानावर आमच्याबरोबर आणखी एक शाळा आहे. उरलेले तीन सामने अव्वल संघाशी, तळाच्या संघाशी आणि याच बरोबरीच्या शाळेशी. अव्वल संघ अद्याप अजिंक्य आहे; त्याला हरवण्याची आशा खुद्द आमचा नातूही फारशी धरत नाही. परंतु तळाच्या संघाला नमवले आणि बरोबरीच्या शाळेवर मात केली, तर चार विजयांवर चौथे स्थान मिळण्याची दाट शक्यता आहे, कारण गुण समान झाल्यास आमच्या गटात आधी आपसातील सामन्याचा निकाल पाहतात. थोडक्यात, सात सामन्यांत चार पराभव पदरी पडूनही या मुलांपुढचा दरवाजा उघडाच आहे.

पहिल्या पराभवानंतर घरी परतताना गाडीत मी गप्प होते. नातू म्हणाला, “आजी, हा सामना गटात धरत नाहीत. यातून काय दुरुस्त करायचे ते कळले, एवढेच.” त्याच्या आवाजात खेद होता, पण घबराट नव्हती.

पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या घरी ही शांतता दुर्मीळ असते. हा आजार दिवसादिवसाला नव्हे, तासातासाला रूप पालटतो. लेव्होडोपा हे मुख्य औषध अंगात भिनले की हात सैल होतात, पाऊल पुढे पडते; त्याचा अंमल ओसरू लागला की तोच माणूस सदऱ्याच्या गुंडीपाशी अडतो. सकाळी अंगणात फिरून आलेले यजमान दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खिळल्यासारखे उभे राहतात. अशी दुपार आली की सेवा करणाऱ्याच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो: आजार वाढला का, आता पुढे काय, हे असेच राहणार का? प्रत्येक वाईट तास बाद फेरीतल्या पराभवासारखा वाटू लागतो. वस्तुतः तो साखळीतला एक सामना असतो. त्याची नोंद करावी, औषधाची वेळ चुकली होती का, झोप अपुरी झाली होती का, बद्धकोष्ठ होता का, हे पाहावे आणि ती नोंद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावी. एका दुपारवरून हंगामाचा निकाल लागत नाही. खरोखर बाद फेरीचे प्रसंग असतात, नाही असे नाही. पडून डोक्याला मार लागणे, घास श्वासनलिकेत जाणे, अचानक भ्रम होणे, यांत क्षणाचाही विलंब नको. पण हे प्रसंग मोजके असतात. शक्ती त्यांच्यासाठी राखून ठेवायची, तर रोजच्या चढउतारांवर ती उधळून चालत नाही.

वेळापत्रकातील दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. दहा सामन्यांसाठी आठवडे अकरा आहेत. एका शुक्रवारी आमच्या संघाचा सामनाच नाही. ही विश्रांती मुले दमली म्हणून दिलेली नाही. कोणी दमण्याच्या आधीच, उन्हाळ्यात, ती छापली गेली आहे. सरावालाही अशीच मर्यादा आहे. टेक्सासच्या ऑगस्टमधील कडक उन्हाची सवय व्हावी म्हणून सुरुवातीला नुसते शिरस्त्राण, मग खांद्यांचे कवच आणि काही दिवसांनी पूर्ण पोशाख, अशा पायऱ्यांनी सराव वाढवतात. हंगाम सुरू झाल्यावर पूर्ण अंगाझटीचा सराव कोणत्याही खेळाडूला आठवड्यात ९० मिनिटांहून अधिक करू देत नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या धडधाकट मुलांना जर इतके जपावे लागते, तर सत्तरी ओलांडलेल्या पत्नीने अहोरात्र, सुटीविना, एकटीने सेवा करावी ही अपेक्षा कोणत्या नियमात बसते?

आमच्या घरी हा प्रश्न सोपा नव्हता. मुलगा आणि सून मदतीला तयार होती. अडत होते ते यजमानांपाशी. आंघोळ, कपडे, शौच यांसाठी माझ्याखेरीज कुणाचा हात त्यांना नको असे. उभ्या आयुष्यात ज्या मुलाला त्यांनी सायकलवर तोल धरायला शिकवले, त्याच्या आधाराने न्हाणीघरात उभे राहणे त्यांना लाजिरवाणे वाटे. तो संकोच खरा होता आणि त्याला हसण्यासारखे काही नव्हते. त्यांना पटवले ते नातवाने. सुटीच्या आठवड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “आबा, ही सुटी एकेका खेळाडूची नाही, संघाची आहे. नोव्हेंबरात सगळे मैदानावर उभे राहायला हवेत ना?” यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शनिवारी बघू.” पहिल्या शनिवारी बापलेकांना आंघोळ उरकायला तासभर लागला. आता निम्म्या वेळात होते आणि आतून जुन्या हिंदी गाण्यांचा आवाजही ऐकू येतो. शनिवार माझा. त्या दिवशी मी मंदिरात जाते, कधी नुसती झोपते.

तिसरी गोष्ट डोक्याच्या दुखापतीसंबंधीची. २०११ साली टेक्सासने कायदा केला: डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली, की विद्यार्थ्याला तत्काळ मैदानाबाहेर काढायचे, त्या दिवशी तो पुन्हा खेळू शकत नाही आणि डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय परतू शकत नाही. “मी ठीक आहे” हे खेळाडूचे म्हणणे तेथे प्रमाण मानत नाहीत, कारण ज्याला धक्का बसला आहे त्याला स्वतःची अवस्था नीट कळेलच असे नाही. सेवा करणाऱ्यांचेही असेच असते. झोप तुटलेली, रक्तदाबाची गोळी विसरलेली, बोलण्यात चिडचिड, तरी विचारले की उत्तर ठरलेले, “माझे काय, मी ठीक आहे.” म्हणून घरातील एखाद्या व्यक्तीने रुग्णाबरोबर सेवा करणाऱ्याचीही चौकशी ठरल्या दिवशी करावी: वजन, रक्तदाब, झोप, स्वतःची राहून गेलेली तपासणी. ‘ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये.

या खेळाने यजमानांनाही काही दिले. पाऊल खिळते तेव्हा जमिनीवर आडवी रेघ दिसली तर काही रुग्णांना ती ओलांडण्यासाठी पाय उचलणे सोपे जाते, असे आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले. नातवाने न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर ठरावीक अंतराने पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या आणि प्रत्येकीवर यार्डांचे आकडे लिहिले. यजमान आता “तीस, चाळीस” असे मोजत जातात. घरच्या मैदानावरील सामन्यांना आम्ही जातो; चाकाच्या खुर्च्यांसाठी तेथे सपाट जागा राखलेली असते. सामना संध्याकाळी सातला सुरू होतो आणि मध्यंतरात शाळेचा बँड वाजू लागला की आठची गोळी द्यायची, हे पक्के ठरले आहे.

पार्किन्सन्स आज बरा होत नाही. औषध, व्यायाम आणि नियमितपणा यांनी चांगले दिवस वाढवता येतात. म्हणजे आमचा हंगाम सोळा शुक्रवारांत संपणारा नाही. तो किती लांब आहे हे ठाऊक नसेल, तर विश्रांती आधी लिहायची आणि बाकीची कामे तिच्याभोवती बसवायची, हाच शहाणपणा. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी या आठवड्यात कॅलेंडर उतरवून त्यात सेवा करणाऱ्याच्या सुटीचा दिवस शाईने लिहावा, त्या दिवशी कोण उभे राहणार त्याचे नावही लिहावे. मुले परगावी असतील तर शेजारी, भाचा, पगारी मदतनीस, जे कोणी असेल त्याचे. रुग्णाचा संकोच मानाने ऐकून घ्यावा आणि तरीही तो दिवस पुसू नये.

येत्या शुक्रवारी गाठ आहे ती बरोबरीच्या शाळेशी. जिंकलो तर बाद फेरीची वाट बरीचशी मोकळी होईल. हरलो तर यंदाची आशा जवळजवळ मावळेल. मात्र नातवाचे शाळेचे आणखी एक वर्ष बाकी आहे. यजमानांचे भाकीत विचाराल तर ते म्हणतात, आपण जिंकू, पण थोडक्यात. सामना घरच्याच मैदानावर आहे. गोळीची डबी मी पिशवीत घालून ठेवली आहे.