प्रोजेक्टरला काळं येत नाही

प्रोजेक्टरला सगळे रंग येतात, एक काळा सोडून. पडद्यावर जिथं काळं दिसतं, तिथं यंत्रानं फक्त हात आखडता घेतलेला असतो. बाकीचं काळेपण खोलीनं पुरवायचं. आणि आमच्या वऱ्हाडात दुपारी अंधार मागणं म्हणजे वैशाखात ओल मागणं!

अमरावतीच्या टॉकीजना ही ददात नव्हती. सी. पी. बेरारच्या सिनेमाचा धंदा या शहरातून चालायचा, रिळांच्या पेट्या इथून गावोगाव जायच्या. प्रोजेक्शनच्या खोलीतला ऑपरेटर जळत झिजणाऱ्या दोन कार्बन कांड्यांमधलं अंतर सांभाळत बसे, कारण ते चुकलं की पडदा मलूल. पण अंधार त्याला आयता मिळे. तंबूवाले तर दिवस बुडाल्याशिवाय खेळच लावत नसत.

अकोल्याकडच्या एका गावात मात्र, कपाशीला बोंडं धरायच्या दिवसांत, ग्रामपंचायतीच्या पिवळसर भिंतीवर भर दुपारी चित्र पाडायचं होतं. विषय गुलाबी बोंडअळी. 2017च्या खरिपात विदर्भातली कपाशी तिनं कशी पोखरली, हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. चौकट वरून फाकत होती. मेनूतला ‘कीस्टोन’ ती सरळ करतो, पण चित्राचे ठिपके खाऊन. त्यापेक्षा टेबलाखाली विटा बऱ्या. फोकस कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर लावला. चित्रावर लावायला गेलं की डोळा लवकर समाधान मानतो.

मग शेताचा फोटो आला, आणि मागून आवाज: “भाऊ, ही माती कायी कुठं हाय? राखुंडीवानी दिसते.”

खरंच होतं. अशा वेळी लोक ब्राइटनेस वाढवतात आणि उरलंसुरलं काळंही पांढुरकं करून ठेवतात. तो उतरवायचा असतो, काळ्यातले बारकावे बुडू लागेपर्यंत. पांढऱ्याची वरची हद्द कॉन्ट्रास्टनं ठरते. ‘डायनॅमिक’ मोडमध्ये उजेड भरपूर, पण सगळीच पानं हिरवीगार, लाल्या पडलेलंही निरोगी. दुकानदाराला तो मोड आवडतो. ‘सिनेमा’ मोड मंद, पण रंगांना प्रामाणिक.

तरी माती राखुंडीच. खिडक्यांतून ऊन आत येत होतं, त्याला कुठलं बटण काय करणार? दोघा पोरांनी बारदाना आणून गजांना बांधला, दाराला ताडपत्री लावली. भिंतीच्या पिवळ्यानं कापसालाही हळद लागली होती, म्हणून एका आजीनं धुतलेलं धोतर दिलं. ते ताणून बांधलं, चुण्या काढल्या. आत उकाडा असा की पंख्याचं वारंही गरम लागावं. पण माती काळी झाली, तिच्यावरची ढेकळं सुटी दिसू लागली.

पुढच्या फोटोत डोमकळी होती: पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या. एक पाकळी उलगडलेली, आत अळी. रंग थोडा उतरवला तेव्हा तिचा गुलाबीपणा शेतात दिसतो तसा झाला. कामगंध सापळे हेक्टरी 5 लावा, सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग सापडले की फवारणीचं बघा, हे सांगून होईस्तोवर वीज गेली. दिवा थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटणार नव्हता.

“राहू द्या आता,” पुढच्या रांगेतला एकजण उठला, “बाहेर चला, माह्या वावरात खरीच दाखवतो.”