मीटर पळते की आपण पळवतो?



एकरी किती पोती खत गेले, मजुरी किती झाली, कापूस कोणत्या भावाने गेला, हे तुम्ही वही न उघडता सांगता. दूध डेअरीवर घातले की फॅट किती लागली हे घरातल्या बाईच्या तोंडपाठ असते. पण विजेचे बिल हातात पडले की आपण आकडा बघतो, कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "मीटर पळतंय." तीस वर्षे शेतीखात्यात गावोगाव हिंडताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, त्याची मोजदाद नाही. मीटर क्वचित बिघडतेही. पण तक्रार करण्याआधी आपला हिशेब आपल्याला यायला हवा. तो अवघड नाही. चौथीतला गुणाकार-भागाकार येत असला म्हणजे झाले.

आधी तीन शब्द ओळखीचे करून घेऊ. उंचावरच्या टाकीतून नळाला पाणी येते. टाकी जितकी उंच तितका दाब जास्त. विजेच्या या दाबाला व्होल्ट म्हणतात. आपल्या घरातला दाब २३० व्होल्ट असावा लागतो. पाइपातून किती पाणी वाहते, तसा तारेतून किती प्रवाह वाहतो, तो अँपिअर. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे त्या वस्तूची ताकद. मोटारीच्या पाटीवर अश्वशक्ती लिहिलेली असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

वॅट हा आकडा प्रत्येक वस्तूच्या पाठीवर किंवा बुडाशी छापलेला असतो. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट जळाले. म्हणून वॅट गुणिले तास, भागिले १०००. एवढ्या एका ओळीत सगळे आले.

आता एका घराची गोष्ट सांगतो. जालन्याकडच्या एका गावात दोन भावांचे एकत्र कुटुंब. थंडीच्या दिवसांत मी हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला गेलो होतो. शेतातून घरी आलो तर चहाआधी बिलच पुढे आले. एरवी ९० युनिटांच्या आसपास येणारे बिल त्या महिन्यात १८४ युनिटांचे होते. थोरले भाऊ म्हणाले, "साहेब, दिवसभर टीव्ही चालतो, दुसरं काय होणार?" टीव्ही धाकट्याच्या खोलीत होता. धाकटी सून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, ती काही बोलली नाही. धाकटा मात्र म्हणाला, "दादा, मग मीटर वेगळं घेऊ." मीटर वेगळे झाले की चूल वेगळी व्हायला वेळ लागत नाही, हे मी अनेक घरांत पाहिलेले. मी म्हटले, "आधी वही आणा."

आम्ही घरातली एकेक वस्तू पालथी करून वॅट पाहिले आणि तास विचारले. टीव्ही ५० वॅटचा, रोज पाच तास. म्हणजे महिन्याला साडेसात युनिट. एलईडीचे सहा बल्ब, ९ वॅटचे, पाच तास: ८ युनिट. फ्रिज रोज साधारण एक युनिट: ३० युनिट. मिक्सर आणि इस्त्री मिळून सहा. गोठ्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, रात्रभर बारा तास: ३६ युनिट! तो कोणाच्या ध्यानातच नव्हता. आणि मग न्हाणीघरातली पाणी तापवायची कांडी, १५०० वॅटची. सकाळी सहा बादल्या, बादलीला वीस मिनिटे, म्हणजे रोज दोन तास. रोजचे ३ युनिट, महिन्याचे ९०.

बेरीज साडेसत्त्याहत्तर वर शंभर, म्हणजे १७७ च्या पुढे. बिलावर १८४. मीटर खरे बोलत होते.

युनिटाचा दर वेळोवेळी बदलतो, म्हणून तुमचा दर तुमच्या बिलावरच पाहा. सोपे जावे म्हणून ८ रुपये धरू. टीव्हीचे झाले ६० रुपये. कांडीचे ७२०. गोठ्यातल्या बल्बचे २८८. शिवाय १०० युनिटांच्या वर गेले की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, तो चटका वेगळाच. दोष टीव्हीवर होता. पाणी मात्र सगळ्यांच्याच अंगावर पडत होते. थोरले भाऊ बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माळ्यावर आईचा बंब आहे. उद्या काढतो." पऱ्हाटीचा ढीग परसात पडलेलाच होता. गोठ्यात ९ वॅटचा बल्ब लावला, तेव्हा ३६ युनिटांचे सव्वातीन झाले. वेगळ्या मीटरचा विषय पुन्हा निघाला नाही.

भगिनींनो, आणखी एक गैरसमज. दाब कमी असला की बिल कमी येते असे वाटते. पाणी तापवायला लागणारी उष्णता ठरलेलीच आहे. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. दाब २०० व्होल्टवर आला तर १५०० वॅटची कांडी साडेअकराशेच्या आतच काम करते. वेळ जास्त, युनिट तेवढेच. मोटारीचे तर उलटे: दाब पडला की ती जास्त प्रवाह ओढते, तापते आणि वाइंडिंग जळते.

अँपिअरचा हिशेब पैशासाठी नव्हे, जिवासाठी. १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. ही कांडी पंख्याच्या लहान सॉकेटला लावली की पिन काळी पडते, वायर वितळते. तिला १५-१६ अँपिअरचे मोठे सॉकेटच हवे, तीन पिनांचे, अर्थिंग जोडलेले. आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय बादलीत बोट घालू नका. मुलांना तर न्हाणीघरात एकटे सोडूच नका.

मीटरवर संशय असेल तर असे करा. नव्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला किती वेळा, ते मीटरवरच छापलेले असते. पुष्कळ मीटरांवर ३२०० असते. घरातले सगळे बंद करून १५०० वॅटची कांडी तेवढी पाण्यात लावा आणि एक मिनिट मोजा. ८० वेळा लुकलुकले तर मीटर ठीक. दाब कमी असेल तर आकडा थोडा खाली येईल. पण शंभराच्या वर गेला, किंवा सगळे बंद असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरमनला दाखवा आणि आकड्यांसह लेखी अर्ज द्या. आकडा लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावेच लागते.

नवी वस्तू घेताना नुसती किंमत विचारू नका. फ्रिजवर ताऱ्यांची पट्टी असते, तिच्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. जुना पंखा ७५ वॅट खातो, नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो.

२०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफीची योजना आली. पण घरच्या मीटरला ती माफी नाही. म्हणून आज संध्याकाळी, जेवणे झाल्यावर, मुलांना वही घेऊन बसवा. वस्तू, वॅट, तास, युनिट असे चार रकाने आखा. शाळेतले गणित त्यांना घरात उपयोगी पडलेले दिसेल. आणि बिलाचा दोष कोणावर टाकायचा, हा प्रश्न वहीच सोडवील.