परत देताना

घेणे आणि देणे हे शब्द आपण नेहमी जोडीने उच्चारतो. परंतु माणसाची खरी पारख व्हायची ती परत देण्याच्या वेळी. शेजारचे पातेले मागून आणताना आपण किती गोड बोलतो! तेच पातेले चार दिवसांनी परत करायचे आले आणि त्याला पोचा पडलेला असला, तर मात्र ते मुलाच्या हाती धाडतो आणि त्याला बजावतो, "ओट्यावर ठेव आणि लगेच माघारी ये." आमच्या केशोरीत मागून आणलेले भांडे रिकामे परत करीत नाहीत. मूठभर तांदूळ, निदान चार लाल मिरच्या त्यात घालतात. धान आणि मिरची दोन्ही आमच्याच मातीची. पण पोच्याचे काय करायचे, हे मात्र या रीतीत कोठे सांगितलेले नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मोटारीच्या रूपाने. उन्हाळ्याच्या तोंडी आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू नागपुरास काढला. दीडशेक किलोमीटर एस. टी.च्या गर्दीतून आणि धुळीतून तिला परत आणणे माझ्या जिवावर आले. म्हणून एका दुकानातून दोन दिवसांसाठी मोटार भाड्याने घेतली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, आपली आपणच चालवायची मोटार! अनामत रक्कम पाच हजार रुपये. ती परत आली की त्यातूनच आईचा चष्मा आणि डोळ्यात घालायचे थेंब घ्यायचे, असा माझा हिशेब होता.

कोहमारा मागे टाकून नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो. पुढे गिट्टीने भरलेला टिप्पर चालला होता. मी बरेच अंतर राखून होतो. पण फळीवरून सुटलेला एक खडा रस्त्यावर आपटून उसळला आणि समोर 'टक्' असा आवाज झाला. मला काहीच दिसले नाही. आईने आपला काळा चष्मा जरासा वर केला आणि कालच पट्टी सुटलेल्या डोळ्याने पाहत ती म्हणाली, "बापू, काचंवर थे चांदनी कायची?"

मसुराच्या दाण्याएवढी खूण आणि तिच्याभोवती तीन बारीक किरणे. चांदणीच ती!

गावात सल्ल्यांना तोटा नसतो. मिरची वाळत घालता घालता एकजण म्हणाला, "गुरुजी, गाडी धुऊच नका. धुळीत कोणाला दिसते?" दुसऱ्याने सुचवले की दिवेलागणीनंतर नेऊन द्यावी. दोघेही भले लोक. माझ्या पाच हजारांची काळजी त्यांना माझ्याइतकीच होती, आणि मनातल्या मनात त्यांचे म्हणणे मलाही गोड लागत होते.

रात्री मी वाचत बसलो. मोटारीची पुढली काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ, चिवट पडदा असतो. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १९०९ साली अशा थरांच्या काचेचे पेटंट घेतले. खडा लागला म्हणजे बहुधा बाहेरचीच काच दुखावते. अशी लहान खूण वेळीच भरता येते. कारागीर तिच्यातली हवा ओढून काढतो, राळेसारखा द्रव आत दाबतो आणि अतिनील किरणांनी तो घट्ट करतो. पण ती तशीच राहू दिली तर बाहेरून विदर्भाचे ऊन, आतून यंत्राचा गारवा आणि खालून खड्ड्यांचे धक्के! खुणेची चीर होते, चीर काचभर धावते, आणि मग काच बदलल्यावाचून गत्यंतर उरत नाही.

एवढे वाचले आणि माझी झोप उडाली. खूण मी झाकली, तर काच तडकायची ती माझ्या हातात नव्हे. पुढे ती गाडी नेणाऱ्या कोणा तिसऱ्याच्या हातात. त्याचीही आई कदाचित मागच्या बाकावर बसलेली असेल, आणि अनामत जाईल ती त्याची.

कायदाही पाहिला. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १५१ वे कलम म्हणते की, हवाली केलेली वस्तू माणसाने स्वतःच्या वस्तूइतकी जपावी. पुढचे कलम म्हणते, तशी जपूनही नुकसान झाले तर तो जबाबदार नाही. मात्र वेगळा करार नसला पाहिजे. आणि तो वेगळा करार भाडेपत्राच्या मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला असून त्याखाली माझी सही होती!

सकाळी काच ओल्या फडक्याने लख्ख पुसली. नागपुरास दुकानातला तरुण गाडीभोवती फेरी मारायला निघाला, तेव्हा आधी मीच खुणेवर बोट ठेवले. तो म्हणाला, "काका, काच बदलावी लागेल. अनामत जाईल." मी विम्याचे विचारले. त्यावर त्याने समजावले की, दावा न करता पहिले वर्ष गेले तर हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांवर जाते. एवढ्याशा कामासाठी मालक ती कशाला घालवील? त्याचेही खरे होते. मी एवढेच म्हटले, "आधी भरून तर पाहू."

त्याने मालकाला फोन लावला. कारागीर आला. अर्ध्या तासात चांदणीची खसखस झाली. सातशे रुपये कापून उरलेले माझ्या हातावर पडले. सातशे गेल्याचे वाईट वाटले. अशा वेळी वाईट न वाटणारा मास्तर मी तरी अजून पाहिलेला नाही.

मी पैसे मोजीत होतो तोवर त्या तरुणाने एक कोरा कागद पुढे ओढला. त्यावर मोटारीची आकृती छापलेली होती. तिच्या काचेवर त्याने पेनाने एक लहानसा गोल काढला आणि बाजूला लिहिले, 'जुनी खूण, भरलेली.' त्याखाली पुढल्या गिऱ्हाइकाची सही व्हायची होती.