डबा जड परत येत होता

2019 साली वाहनांचा बाजार बसला आणि झळ आमच्या कोल्हापूरच्या फौंड्र्यांना लागली. गाड्यांचे सुटे भाग इथे ओतले जातात. गाड्या खपेनात, तशा शिरोली एमआयडीसीतल्या पाळ्या कमी झाल्या. ठेकेदाराकडच्या माणसांना आधी ‘ब्रेक’ मिळाला. त्यात आमच्या घरचे हेही होते.

आम्ही दोघांनी घरात कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी डबा भरायचा, गाडी बाहेर काढायची, संध्याकाळी परत. आठव्या दिवशी सासरे म्हणाले, “सूनबाई, डबा जड का परत येतोय?”

अब्बा शाहू मिलचे कामगार. 1906 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी पायाभरणी केलेली ती मिल 2003 मध्ये बंद पडली. ते म्हणाले, “आमचा भोंगा थांबला ते साऱ्या गावाला कळलं. लपवायला काही उरलंच नाही, म्हणून एकमेकांना धरून राहिलो. तुम्हाला एकेकट्याला घरी बसवतात, आणि तुम्हीही एकेकटेच गप्प बसता.”

त्या रात्री इशानंतर मुलांसमोर वही उघडली. शाळेचा एक पगार. त्यात भाडं, किराणा, फी, भिशी. मुलं घाबरली नाहीत, उलट खर्च कापायला पुढे सरसावली.

रिज्क देणारा अल्लाहच. पण दुआ मागताना घरच्यांपासून खरं लपवू नये, एवढं आम्ही शिकलो. मोहल्ल्यात बोललो, तेव्हा कळलं, आणखी तीन घरांतले डबेही तसेच जड परत येत होते.