प्रदर्शनातली चोरी आणि मालकीचा पुरावा

नाणी आणि टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात चोरीसाठी कुलूप फोडावे लागत नाही. दोघे-तिघे एकदम टेबलाशी येतात, एक भाव विचारतो, दुसरा अल्बमचे पान उलटतो, आणि एकटा बसलेला संग्राहक बोलणाऱ्याच्याच तोंडाकडे पाहत राहतो. गर्दीपेक्षाही धोक्याची वेळ म्हणजे आवराआवर: पेट्या उघड्या, माणसे दमलेली, दारावरचा स्वयंसेवक खुर्च्या उचलायला गेलेला.

नागपुरातल्या एका प्रदर्शनात अशाच वेळी एका संग्राहकाचा भोसलेकालीन चांदीचा रुपया गेला. त्यानंतर जे घडले ते चोरीपेक्षा जिव्हारी लागणारे होते. आयोजकांनी आधी आवाज खाली करायला सांगितले. प्रदर्शनाचे नाव खराब होईल, ही त्यांची काळजी. ओळखीच्याच लोकांनी विचारले, ‘नाणे घरीच राहिले नाही ना?’ तक्रार देताना पावती मागितली गेली. जुन्या संग्रहातून हातोहात आलेल्या नाण्याला पावती कुठली? वर्णन विचारल्यावर सांगता आले ते इतकेच: चांदीचे, गोलसर, त्यावर फारसी अक्षरे. अशी नाणी हजारो आहेत. ज्याची वस्तू गेली त्यालाच आधी ती आपली होती हे सिद्ध करावे लागते, आणि तोवर सगळे त्याच्याकडेच संशयाने पाहतात. हा अन्याय छंदाच्या जगात फार मुकाट्याने गिळला जातो.

वास्तविक असे नाणे स्वतःच आपली ओळख सांगते. ते हातोड्याने पाडलेले असते. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जातो, आणि प्रत्येक नाण्यावर वेगळा भाग उरतो. कडेची चीर, सराफाने पारखताना मारलेली खूण, झीज, वजन यांचा मेळ दुसऱ्या नाण्यात बसत नाही. दोन्ही बाजूंचे व कडेचे छायाचित्र आणि ग्रॅमच्या शतांशापर्यंतचे वजन नोंदलेले असेल तर तोच पुरावा. यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचे तसे नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा दुर्मीळ चांदीचा रुपया ओळखायचा तर ओरखडे आणि डाग यांवरच भिस्त.

नोंदीची ताकद अमेरिकेतल्या एका प्रकरणात दिसते. १९५५ साली नॉरफोक येथील तिकीटसंग्राहकांच्या अधिवेशनात एथेल मॅककॉय यांचा, उलटे विमान छापलेल्या १९१८ च्या चार तिकिटांचा जोडगट चोरीला गेला. चोरांनी तिकिटे सुटी केली, ओळख पुसण्यासाठी त्यांत फेरफार केले. तरी छपाईच्या मूळ पानातली प्रत्येकाची जागा अभ्यासकांना ओळखता आली. दोन तिकिटे विसाव्या शतकातच सापडली, तिसरे २०१६ साली; चौथे अजून बेपत्ता आहे.

नागपुरात वेळेला आणखी महत्त्व आहे. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग इथे एकत्र येतात. संध्याकाळी गेलेले नाणे सकाळी दुसऱ्या राज्यात असू शकते. म्हणून तक्रार त्याच दिवशी द्यावी आणि छायाचित्र इतर शहरांतल्या संग्राहक मंडळांकडे, विक्रेत्यांकडे लगेच पाठवावे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ चोरीला लागू होते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला कलम ३१७. छायाचित्र सर्वत्र पोहोचले की ‘मला माहीत नव्हते’ म्हणणे विक्रेत्याला अवघड होते.

टेबलावर दोन माणसे असावीत, अल्बमचे खण क्रमांकित असावेत, एका वेळी एकच वस्तू तबकात काढावी आणि ती परत आल्याशिवाय दुसरी काढू नये. आवराआवर सुरू होण्याआधी प्रेक्षकांसाठी दार बंद व्हावे. ही जबाबदारी आयोजकांचीच. सगळेच काचेआड ठेवावे, असे चोरी झालेला प्रत्येक जण म्हणतो, आणि ते चूक म्हणवत नाही. पण शाळकरी मुलाच्या तळहातावर भोसल्यांचा रुपया ठेवला की त्याला त्याचे वजन कळते. काचेतून ते कळत नाही. निदान साधी, स्वस्त नाणी तरी हाताळायला बाहेर असावीत, त्यांतले एखादे गेले तरी.