गवतासाठी राखलेला दिवस

जैसलमेरला जाणार म्हटले की लोक वाळूचेच विचारतात. समच्या टेकड्या, उंटावरची फेरी, मावळता सूर्य, रात्री तंबूपुढे कालबेलियांचा नाच. सगळे देखणे असणारच. पण माझ्या हाती एकच दिवस आहे आणि तो मला गवताला द्यायचा आहे.

टेबलावर नकाशा पसरून बसले आहे. जैसलमेर आणि बाडमेर अशा दोन जिल्ह्यांत मिळून मरुभूमी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. 1980 साली राखलेले हे क्षेत्र 3162 चौरस किलोमीटरचे. त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा. उरलेली जमीन खडकाळ, मुरमाड, आणि जिथे तिला मोकळे सोडले आहे तिथे सेवण गवताची. वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात सेवणाचा ठोंब वर्षानुवर्षे जगतो. उन्हाळ्यात वाळून काडी होतो, पण खाली मुळे वाळू घट्ट धरून असतात. पहिली सर आली की पुन्हा हिरवा कोंभ. टोळ, सरडे, चिंकारा, माळढोक, साऱ्यांचा संसार या ठोंबांच्या आधाराने चालतो.

माळढोक सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरही होता. त्याच्यासाठी अभयारण्य झाले, पण आज तो तिथे क्वचितच दिसतो. सगळ्या देशात मिळून दीडशेही उरले नसतील आणि त्यांतले बहुतेक या पश्चिम राजस्थानात, जिथे त्याला गोडावण म्हणतात. आपल्या माळावरून गेलेला पक्षी दुसऱ्याच्या माळावर शोधायला जाण्यात एक सल आहे. तो सोबत घेऊनच मी निघणार आहे.

कधी जायचे, यावर मी सर्वांत जास्त रेंगाळले. पावसाळ्याच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर टाकून मादीला साद घालतो. त्याचा खोल, घुमणारा आवाज माळावर दूरवर जातो म्हणतात. तो ऐकावा असे मनापासून वाटते. पण मादी त्याच काळात उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालून बसलेली असते. ती दचकून उठली की अंडे कावळ्याला, कोल्ह्याला उघडे पडते. मग तो आवाज मला नको. जानेवारीअखेर पक्की केली. तेव्हा तिलोर आणि कुरजा हे थंडीचे पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात. रोहिड्याला केशरी फूल येऊ लागले असेल तर तेवढे जास्तीचे.

त्या दिवसांत तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. वनखात्याचा परवाना आदल्या दिवशीच जैसलमेरला काढायचा, पहाटे अंधारातच जीप सोडायची आणि उजाडता उजाडता उद्यानातल्या सुदासरीला पोचायचे. मग धावपळ नाही. खेजडीच्या नाहीतर केराच्या झुडपाआड थांबायचे. थंडीने आखडलेला सांडा सरडा ऊन चढल्यावर बिळातून बाहेर येतो का ते पाहायचे. पाण्याचा थेंब दिसत नसताना चिंकारा पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर कसा निभावतो, ते तो चरतो तिथेच उमजावे. माळढोक दिसलाच तर लांबून, दुर्बिणीतून. आणखी जवळ न्या, असे जीपवाल्यांना म्हणायचे नाही.

परतीच्या वाटेवर विजेच्या तारा लागतील, पवनचक्क्या लागतील. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि पंधरा किलोपर्यंत भरणारे शरीर ऐनवेळी वळत नाही. या तारांच्या प्रश्नावर 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. समला अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालते, तिथे माणसे जिवापाड राबताहेत. पण पिल्लू मोठे झाल्यावर त्याला सोडायला तारांवाचूनचे आभाळ लागेल आणि खाली गवतही. या तारांतून येणारी वाऱ्याची, सूर्याची वीज मलाही हवी आहे. तरी रिकामा दिसणारा माळ पडीक म्हणून सरकारी कागदावर चढतो, तेव्हा पोटात तुटते.

दुपारी वेळ उरला तर अकल. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला सतराएक किलोमीटरवर सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेले आहेत. आज जिथे खेजडी कशीबशी तग धरते, तिथे कधीकाळी दमट, घनदाट जंगल होते. त्या दगडी सालीवर डोळे टेकवून थोडा वेळ बसावे, असे फार मनात आहे.

पण सकाळी सुदासरीत माळढोक दिसला, तर दिवसभर तिथून हलायचे नाही, हे जीपवाल्यांना फोनवर सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, चालेल, जेवण बांधून घेऊ. अकल मग पुढच्या खेपेला.